पहिलं महायुद्ध: कारणं पाठ आहेत, पण उत्तर उभं राहत नाही

परळ_अभ्यासिका (प्रश्न)

नमस्कार. यूपीएससी मुख्य परीक्षा, मराठी माध्यम, सामान्य अध्ययन पेपर १. जगाच्या इतिहासात पहिल्या महायुद्धावर गाडी अडली आहे. लष्करवाद, गटबाजी, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद आणि शेवटी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण सराव चाचणीत १५ पैकी ४ गुण आणि खाली शेरा: 'यादी आहे, कारणमीमांसा नाही.'

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) यादीची मीमांसा करायची म्हणजे वहीवर नेमकं काय करायचं?
२) घटनाक्रम किती खोलात? सॉम, व्हर्दां, गॅलिपोली, सगळ्यांच्या तारखा लागतात का?
३) परिणामांमध्ये भारत आणि मुंबई आणावी का? फोर्टात किंवा दादरला जाऊन बघण्यासारखं काही आहे का?

हातात तीन आठवडे आहेत, रोज दीड तास.

---

नकाशा_आणि_तारीख

चार कारणं चुकीची नाहीत. पण ती १९०८ मध्ये होती, १९११ मध्ये होती, १९१३ मध्येही होती. मग युद्ध १९१४ लाच का पेटलं? ज्या उत्तरात हा प्रश्न नाही, तिथे परीक्षक 'यादी' असाच शेरा मारणार.

म्हणून आधी न पेटलेली युद्धं अभ्यासा. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोविना खालसा केला. रशिया चिडला, पण १९०४-०५ मध्ये जपानकडून खाल्लेला मार ताजा होता, सैन्य सावरलेलं नव्हतं. जर्मनीने दम भरल्यावर मार्च १९०९ मध्ये रशियाने माघार घेतली. १९११ मध्ये जर्मनीने मोरोक्कोत अगादीरला 'पँथर' ही गनबोट पाठवली. ब्रिटन फ्रान्सच्या मागे उभा राहिला आणि जर्मनीने फ्रेंच काँगोचा तुकडा पदरात पाडून मोरोक्को सोडलं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत मोठ्या सत्तांचे राजदूत लंडनला बसले आणि त्यांनी तोडगा काढला, कारण तेव्हा जर्मनी ऑस्ट्रियाला मागे ओढत होता.

आता १९१४ शी ताडून बघा. जर्मनीने या वेळी ऑस्ट्रियाला मागे ओढलं नाही, उलट ५-६ जुलैला 'तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत' असा कोरा धनादेश दिला. रशियाला १९०९ ची नामुष्की पुन्हा नको होती. शिवाय रशियाची सैन्यवाढ १९१७ च्या सुमारास पुरी होणार होती, त्यामुळे जर्मन सेनापतींचं गणित होतं की व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे. म्हणजे सुकलेलं गवत तेच, पण या खेपेला विझवणारे हात मागे झाले. मीमांसा म्हणतात ती ही. लष्करवाद इथे आपोआप येतो, त्याला वेगळं शीर्षक द्यावं लागत नाही.

वहीचं काम असं. २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ हे ३७ दिवस एका आडव्या पानावर मांडा. चार रकाने: तारीख, निर्णय कोणाचा, दुसरा पर्याय काय होता, तो का घेतला नाही. ओळी नऊच: २८ जून, ५-६ जुलै, २३ जुलै, २५ जुलै, २८ जुलै, ३० जुलै, १, ३ आणि ४ ऑगस्ट. पहिले दोन रकाने कोणीही भरतो. गुण शेवटच्या दोन रकान्यांत आहेत.

नमुन्याला तीन ओळी भरून देतो.

२३ जुलै. व्हिएन्नाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. पर्याय: खुनानंतर लगेच, सगळ्या युरोपची सहानुभूती असताना कारवाई. का नाही? हंगेरीचे पंतप्रधान तिसा १४ जुलैपर्यंत तयार नव्हते, बरेच सैनिक कापणीच्या रजेवर होते, आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे २० ते २३ जुलै रशियात होते, म्हणून ते बोटीत बसेपर्यंत थांबायचं ठरलं. खून आणि खलिता यांच्यातल्या पंचवीस दिवसांत सहानुभूती आटली.

३० जुलै. झारने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला. पर्याय: फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवर अर्धी जमवाजमव. का नाही? सेनापती म्हणाले, अर्धी केली तर पूर्ण जमवाजमवीचं आगगाड्यांचं वेळापत्रक कोलमडेल. झारने २९ ला हुकूम दिला, जर्मन सम्राट कैसरची तार आल्यावर त्याच रात्री मागे घेतला आणि ३० ला पुन्हा दिला. माणूस कचरत होता हे यातून दिसतं, आणि 'अटळ' हा शब्द इथेच लटका पडतो.

१ ऑगस्ट. जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं आणि लढायला निघाला मात्र पश्चिमेला. कारण योजनाच तशी होती: रशियाला जमवाजमव करायला सुमारे सहा आठवडे लागतील, तेवढ्यात बेल्जियममार्गे फ्रान्स उरकायचा. कैसरने ऐन वेळी सेनाप्रमुख मोल्टकेला विचारलं, सगळं सैन्य पूर्वेला वळवता येईल का? मोल्टके म्हणाला, नाही. इतर देशांत जमवाजमव म्हणजे तयारी होती, जर्मनीच्या योजनेत जमवाजमव म्हणजेच युद्ध होतं. हे एक वाक्य उत्तरात आलं तर 'लष्करवाद' हा शब्द नाही वापरला तरी चालेल.

उरलेल्या सहा ओळी तुम्ही भरा. ४ ऑगस्टच्या ओळीत १८३९ चा बेल्जियमच्या तटस्थतेचा करार यायलाच हवा.

---

गोदीकाठ

घटनाक्रमाचं मी बोलतो. लढायांच्या याद्या सोडा. युद्धाचा रंग पाच वेळा बदलला, तेवढे पाच सांधे पक्के करा.

सप्टेंबर १९१४, मार्न: झटपट विजयाची जर्मन योजना फसली आणि खंदक खणले गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४: तुर्कस्तान उतरला, सामुद्रधुन्या बंद, रशियाचा दोस्तांकडे जाणारा सोपा मार्ग गेला. १९१६, व्हर्दां आणि सॉम: जिंकण्याऐवजी झिजवण्याचं युद्ध. आकडा एकच ठेवा, १ जुलै १९१६ या एका दिवसात सॉमवर ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० हताहत, त्यात १९,२४० मृत. १९१७: फेब्रुवारीत जर्मनीचं बेछूट पाणबुडी युद्ध, मार्चमध्ये झार गेला, ६ एप्रिलला अमेरिका आली. मग १९१८: मार्चमध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह आणि २१ मार्चला जर्मनीचा शेवटचा मोठा रेटा, ८ ऑगस्टपासून उलटी गाडी, ११ नोव्हेंबरला शस्त्रसंधी. गॅलिपोली दुसऱ्या सांध्याची शेपटी आहे, दोन ओळींवर जाऊ नका.

भारताची बाजू मात्र खोलात करा, कारण मराठी माध्यमातल्या बहुतेक उत्तरांत 'भारतीय सैनिक युरोपात लढले' यापुढे काही नसतं. भारतातून वेगवेगळ्या दिशांना फौजा गेल्या आणि त्यांना अक्षरं दिली होती. 'ए' फ्रान्सला गेली, २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेयला पोचली. 'बी' पूर्व आफ्रिकेत टांगाला गेली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार खाऊन परतली. 'डी' मेसोपोटेमियात (आजचा इराक) बसऱ्याला. यातली 'बी' आणि 'डी'ची पहिली तुकडी मुंबई बंदरातून १६ ऑक्टोबर १९१४ ला निघाली. तारीख नीट बघा. तुर्कस्तान तेव्हा युद्धात नव्हता! बोटी बहरीनला जाऊन थांबल्या, ५ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि ६ ला फौज फावला उतरली. पुस्तकात 'तुर्कस्तान युद्धात उतरल्यामुळे मेसोपोटेमियात फौज पाठवली' असं सरळ वाक्य असतं, पण फौज आधीच वाटेवर होती. आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि आखातातला दबदबा, ही कारणं तुर्कांच्या घोषणेची वाट बघत नव्हती.

आता तैग्रिसकाठचं कुत. ही एक लढाई तपशिलात करा, कारण 'युद्ध हरतात कसं' हे इथे सुटं सुटं दिसतं. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे क्तेसिफॉनला अडली, मागे कुतला आली, ७ डिसेंबरला वेढा पडला आणि १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३,००० जण शरण गेले. आत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती.

का हरले? शौर्य कमी पडलं म्हणून नव्हे. बसऱ्याला मोठ्या बोटी लागतील असा धक्काच नव्हता. मुंबईहून आलेली बोट नदीत नांगर टाकून उभी, आणि माल उतरायचा तो छोट्या होड्यांत. पुढे बसरा ते बगदाद नदीमार्ग सुमारे ८०० किलोमीटर, रेल्वे नाही, रस्ता नाही. तैग्रिस उन्हाळ्याअखेर इतकी उथळ की कमी पाण्यात चालणाऱ्या खास बोटीच लागतात, आणि नेमक्या त्याच अपुऱ्या. म्हणजे फौज जितकी पुढे जाईल तितकं तिच्यामागचं धान्य, दारूगोळा आणि जखमींना परत आणायची सोय पातळ होत जाते. क्तेसिफॉनचे जखमी उघड्या तराफ्यांवरून खाली आणावे लागले. वेढा फोडायला जानेवारी ते एप्रिल १९१६ हल्ले झाले तेव्हा उलटा प्रकार: वसंतातला पूर, दोन्ही बाजूंना दलदल, आणि तुर्कांच्या खंदकांवर समोरून चाल. कुतमधल्यांना सोडवायला गेलेल्यांपैकी सुमारे २३,००० हताहत झाले, आतल्यांपेक्षा जास्त. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, पुरली नाहीत. २४ तारखेच्या रात्री 'जुलनार' नावाची बोट २७० टन माल घेऊन घुसवली, ती तुर्कांनी पकडली.

आणि हे सगळं लंडन चालवत नव्हतं. फेब्रुवारी १९१६ पर्यंत मोहीम भारत सरकारच्या हातात होती, खर्चाला हात आखडता, हुकूम सिमल्याहून, माल मुंबईहून. या एका मोहिमेत भूगोल, पुरवठा, नोकरशाही, तिन्ही येतात.

एक गंमत जाता जाता. ब्रिटनने युद्ध पुकारलं ते ४ ऑगस्टला, लंडनच्या रात्री ११ वाजता. मुंबई तेव्हा स्वतःची वेळ पाळायची, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे इथे ५ ऑगस्टची पहाट, ३ वाजून ५१ मिनिटं. जुन्या वर्तमानपत्रात ४ तारखेच्या अंकात बातमी शोधाल तर सापडणार नाही.

---

शब्दांचा_कीस

वरचं सगळं ठीक, पण मराठी माध्यमात गुण शब्दांवरही जातात. चार जागा सांभाळा.

'शस्त्रसंधी' आणि 'तह' एक नव्हेत. ११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली, ती शस्त्रसंधी. तह २८ जून १९१९ ला व्हर्सायला झाला. 'युद्ध १९१८ च्या तहाने संपले' असं लिहिलेलं डझनभर उत्तरांत दिसतं.

'त्रिराष्ट्र करार' म्हणजे १८८२ चा, जर्मनी-ऑस्ट्रिया-इटली. युद्धात लढले ते 'मध्यवर्ती सत्ता': जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान, बल्गेरिया. इटली त्यात नाही, मे १९१५ मध्ये ती पलीकडच्या बाजूने उतरली. करार आणि युद्धातली बाजू एकच धरली की पुढचं सगळं घसरतं.

रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला झाली. जुनी रशियन दिनदर्शिका १३ दिवस मागे होती. एका उत्तरात दोन दिनदर्शिका नकोत. वर 'मार्चमध्ये झार गेला' म्हटलंय, म्हणून खाली 'फेब्रुवारी क्रांती' लिहिताना हा फरक कंसात एकदा सांगून टाका.

चौथं, 'मित्रराष्ट्रे' की 'दोस्त राष्ट्रे' यावर वाद घालत बसू नका. एक धरा, शेवटपर्यंत तोच ठेवा.

---

परळ_अभ्यासिका

सगळ्यांचे आभार. नकाशा_आणि_तारीख, नऊ ओळी भरल्या. कारणांचा परिच्छेद नव्याने लिहून बघितला, कृपया तपासाल का?

'युरोपातील गटबाजीमुळे युद्ध अटळ झाले होते. ऑस्ट्रियाने सर्बियावर हल्ला करताच कराराप्रमाणे रशिया, जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड हे देश आपोआप युद्धात ओढले गेले. जर्मनीच्या आक्रमक धोरणामुळे या युद्धाला जागतिक स्वरूप आले.'

---

नकाशा_आणि_तारीख

तीन वाक्यं, तिन्ही जुन्या सवयीची. एकेक घेऊ.

'अटळ झाले होते': तुमच्याच पानावर २९ जुलैची रात्र आहे, झारने हुकूम मागे घेतल्याची. जे एका तारेने थांबतं त्याला अटळ म्हणू नये.

'कराराप्रमाणे आपोआप': इथे सगळ्यात जास्त गुण सांडतात. रशियाचा सर्बियाशी संरक्षणाचा करारच नव्हता. ब्रिटन-फ्रान्समधला १९०४ चा समझोता इजिप्त-मोरोक्कोसारख्या वसाहतींच्या भांडणांबद्दल होता, लढायची सक्ती त्यात नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाचा १८७९ चा करार रशियाने हल्ला केला तर मदत, असा बचावाचा होता, ऑस्ट्रियाने स्वतःहून केलेल्या चढाईला तो लागू होत नव्हता. आणि इटलीचा करार होता, तर ती बाहेर राहिली. मग करारांनी केलं काय? भीती वाढवली, आणि प्रत्येकाला वाटलं की आपला एकुलता एक दोस्त गमावला तर आपण उघडे पडू. असं लिहा.

'जर्मनीमुळे जागतिक': युद्ध जागतिक झालं ते साम्राज्यांमुळे. ब्रिटनने युद्ध पुकारलं म्हणजे भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा न विचारता त्यात गेले. जपान २३ ऑगस्टला उतरला, चीनमधला जर्मन तळ हवा होता म्हणून. जर्मनीची जबाबदारी मोठी आहेच, १९६१ पासून फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने त्यावर मोठा वाद उभा केला, पण तो मुद्दा युद्ध पेटण्याचा आहे, पसरण्याचा नाही. दोन मुद्दे एका वाक्यात कोंबू नका.

बदलून असं होईल:

'गटबाजीने युद्ध घडवले नाही, पण माघार महाग केली. १९०९ व १९१३ मध्ये एका तरी सत्तेने आपल्या मित्राला आवरले होते. जुलै १९१४ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरण्याऐवजी पाठबळ दिले आणि रशियाने दुसऱ्यांदा माघार घेण्यास नकार दिला. जमवाजमवीच्या वेळापत्रकांनी वाटाघाटींना वेळ ठेवला नाही. बेल्जियमवरील चढाईने ब्रिटन उतरला आणि त्याच्या साम्राज्यामुळे युरोपचे युद्ध जगाचे झाले.'

सुमारे पन्नास शब्द. गटबाजी, लष्करवाद, साम्राज्यवाद, तिन्ही यात आहेत, नाव मात्र एका गटबाजीचंच घेतलंय.

---

जुने_दप्तर

परिणामांकडे येते. इथली नेहमीची चूक म्हणजे 'व्हर्सायचा अन्यायकारक तह, म्हणून हिटलर, म्हणून दुसरं महायुद्ध' ही सरळ रेघ. ती मध्येच तुटते. नुकसानभरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा तहात नाही, तो मे १९२१ मध्ये लंडनला ठरला, आणि त्यातले ८२ अब्ज ज्या तिसऱ्या गटात टाकले ते वसूल होतील असं ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. तहात होतं ते युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं २३१ वं कलम, सैन्यावर एक लाखाची मर्यादा, अल्सेस-लोरेन फ्रान्सला परत. १९२३ ची प्रचंड महागाई ओसरल्यावर १९२४ ते १९२८ जर्मनी बऱ्यापैकी स्थिर होता. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. सप्टेंबर १९३० मध्ये १८ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के. मधे १९२९ ची मंदी आहे. तहाने खपली ठेवली, मंदीने ती काढली. टक्क्यांचे हे तीन आकडे पाठ ठेवा, पानभर विशेषणांपेक्षा जड आहेत.

व्हर्साय हा फक्त जर्मनीचा तह, हेही विसरलं जातं. ऑस्ट्रियाचा सेंट जर्मेन, बल्गेरियाचा न्यूयी, हंगेरीचा ट्रियानॉन, तुर्कस्तानचा सेव्हर (१० ऑगस्ट १९२०). आपल्याला सेव्हर महत्त्वाचा, कारण खिलाफत. पण क्रम सांभाळा: खिलाफत चळवळ १९१९ मध्येच सुरू झाली, मध्यवर्ती समितीचं ठाणं मुंबईत होतं. असहकार १ ऑगस्ट १९२० ला सुरू झाला, त्याच दिवशी पहाटे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले. सेव्हरवर सह्या त्यानंतर नऊ दिवसांनी. 'सेव्हरच्या तहामुळे खिलाफत चळवळ सुरू झाली' हे वाक्य म्हणून उलटं आहे. चळवळ तहाच्या धास्तीने उठली, तहाने ती भडकली.

गोदीकाठ यांनी कुत दिलंय, त्याची पुढची कडी जोडा. मेसोपोटेमियाच्या अनागोंदीवर चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैत राजीनामा दिला, माँटेग्यू आले, २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा, मग १९१९ चा कायदा. फक्त 'कुतमुळे सुधारणा मिळाल्या' असं लिहू नका. घोषणेच्या मसुद्याची घासाघीस आधीपासून चालू होती, होमरूलचा दाब होता. कुतमुळे माणूस बदलला आणि घाई झाली.

मुंबईपुरतं तीन धागे पुरेत.

ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. मे १९१८ च्या अखेरीस बंदरात एक बोट लागली, आणि १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवरचा, तापाने रुग्णालयात दाखल झाले. ती पहिली, सौम्य लाट. घातकी लाट सप्टेंबरपासून. शहरात ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. उपाशी अंगावर रोग आला. देशाचे एकूण मृत्यू किती यावर अभ्यासकांचे आकडे सव्वा कोटीपासून वर जातात, म्हणून एकच आकडा छातीठोक लिहू नका. त्यापेक्षा जनगणना वापरा: आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ला २५.२१ कोटी, १९२१ ला २५.१३ कोटी. १९०१ नंतर लोकसंख्या घटलेलं ते एकमेव दशक.

महागाई आणि गिरण्या. युद्धात विलायती कापड येणं रोडावलं, गिरणी मालकांनी नफा कमावला, कामगाराच्या धान्याचे भाव मात्र पगाराला मागे टाकून गेले. जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. आणि बारीक पण उपयोगी गोष्ट: भारताने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंड 'भेट' दिले, तो बोजा पेलायला १९१७ मध्ये आयात कापडावरची जकात साडेतीनवरून साडेसात टक्के केली, देशी कापडावरचा अबकारी कर मात्र साडेतीनच ठेवला. मँचेस्टरवाले ओरडले. इथल्या गिरण्यांना आडोसा मिळाला तो युद्धाच्या खर्चातून.

राजकारण. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. टिळक सहकार्याच्या अटींवर बोलू लागले तेव्हा गव्हर्नरांनी मध्येच अडवलं, टिळक उठून बाहेर पडले. 'सैन्यभरतीला मदत, पण बरोबरीचा हक्क हवा' ही भूमिका समजायला यापेक्षा नेटका प्रसंग नाही. तारीख पुन्हा बघा, १० जून: त्याच दिवशी ते सात शिपाई तापाने आडवे होते.

बघण्याचं म्हणाल तर कागद आणि दगड वेगळे ठेवा. कागद: काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. सरकारी कार्यालय, रविवारी बंद. ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र लागतं असं धरूनच जा. तिथे 'महायुद्ध' म्हणून मागितलं तर काही हाती लागत नाही. खातं, वर्ष, खंड असं मागावं लागतं, म्हणून आधी सूची बघून क्रमांक उतरवा. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मराठी नियतकालिकं. दगड: बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, मार्च १९१४ मध्ये खुली झाली आणि तिच्या खोदाईच्या मातीवर युद्धाच्याच वर्षांत हा भाग उभा राहिला. तिथे पोर्ट ट्रस्टच्या युद्धात गेलेल्यांचा स्तंभ आहे. मशीद स्टेशनच्या पूर्वेला खलाशांच्या निवासाच्या आवारात १९१४-१८ चं स्मारक आहे, समुद्राखेरीज कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं. आत जायला पहारेकऱ्याला विचारावं लागेल. आणि ज्याला आपण वस्तुसंग्रहालय म्हणतो ती काळा घोड्याची घुमटवाली इमारत युद्धात लष्करी रुग्णालय होती, वस्तुसंग्रहालय म्हणून उघडली १९२२ मध्ये.

---

नकाशा_आणि_तारीख

जुने_दप्तर यांचं सगळं मान्य, पण परीक्षेपुरता एक विरोध नोंदवतो. पुराभिलेखागार परीक्षेनंतर करा. तीन तासांत २५० गुण, म्हणजे १५ गुणांच्या प्रश्नाला जेमतेम ११ मिनिटं आणि २५० शब्द. त्यातली दीड-दोन मिनिटं कच्चा आराखडा, बाकी लिहिणं. मुंबईची ओळ जास्तीत जास्त एक, आणि तीसुद्धा प्रश्नात 'भारत' किंवा 'वसाहती' असेल तरच. प्रश्न व्हर्सायचा आणि उत्तरात गिरणी संप, असं झालं तर गुण कापले जातील.

मराठीत शब्द कमी लागतात. 'जमवाजमवीच्या वेळापत्रकांमुळे' हे दोन शब्द झाले, विभक्त्या पोटात घेऊन. त्यामुळे २०० शब्दांत मजकूर पुरा होतो. २५० भरायचे म्हणून शेपूट लावू नका.

तीन आठवडे असे वापरा: पहिला ३७ दिवसांवर आणि १९०८-१३ वर, दुसऱ्यातले चार दिवस पाच सांध्यांवर, दोन कुतवर, तिसरा परिणामांवर. रोजच्या दीड तासातला शेवटचा अर्धा तास घड्याळ लावून एक उत्तर. वाचन कितीही झालं तरी हा अर्धा तास खाऊ देऊ नका.

---

परळ_अभ्यासिका

शेवटचं विचारते. नकाशा काढायचा असेल तर कोणता? युरोपचा काढायला वेळ पुरत नाही.

---

गोदीकाठ

युरोपचा काढूच नका, सीमा चुकतात. तैग्रिसचा काढा. एक वाकडी रेघ, खालच्या टोकाला फाव, वर बसरा, मग कुत, क्तेसिफॉन, बगदाद. पाच ठिपके, बाजूला तारखा: ६ नोव्हेंबर १९१४, २२ नोव्हेंबर १९१४, २९ एप्रिल १९१६, नोव्हेंबर १९१५, ११ मार्च १९१७. शेवटची बगदाद पडल्याची. कुतची तारीख क्तेसिफॉनच्या नंतरची आहे, फौज पुढे जाऊन मागे आली म्हणून. तिथे उलटा बाण काढा, नाहीतर तपासणाऱ्याला तारीख चुकली असं वाटेल. चाळीस सेकंदांत होतो.